अंतर किती आणि वेळ किती?

घरातील एखादे माणूस परदेशी जाणार असे ठरले म्हणजे पहिला प्रश्न 'किती दूर?' असा निघतो आणि लगोलग दुसरा 'किती तास लागतात?' असा. पहिल्याचे उत्तर कळले की दुसऱ्याचे आपोआप मिळते अशी आपली समजूत असते. शाळेत आपण तसेच शिकलो : अंतराला वेगाने भागले की वेळ. आगगाडीच्या बाबतीत हा हिशेब बहुतांशी जुळतो. विमानाच्या बाबतीत मात्र तो असा काही चुकतो की, त्यापायी एका वृद्ध स्त्रीला मध्यरात्री विमानतळाच्या बाकावर तीन तास बसून राहावे लागले. ती स्त्री म्हणजे आमच्या अक्का आणि चूक करणारे आम्ही स्वतः, म्हणून आजच्या लेखासाठी हा विषय घेतला आहे.

अक्का निवृत्त शिक्षिका. वय अडुसष्ट. मधुमेहाकरिता इन्सुलिन घेतात. त्यांची कन्या अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर, सॅन फ्रान्सिस्को शहराजवळ राहते. तिच्याकडे सहा महिने राहून अक्का दिल्लीस परत यावयाच्या होत्या. विमान तेथून शुक्रवारी रात्री नऊला सुटणार आणि येथे रविवारी दीड वाजता पोहोचणार, असे पत्र भाचीने धाडले होते. आम्ही 'रविवार' हा शब्द वाचला, 'दीड' हा आकडा वाचला, आणि रविवारी रात्री जेवणखाण आटोपून निघावयाचे असे ठरवून शनिवारी स्वस्थ झोपी गेलो. रविवारचा दीड म्हणजे शनिवारची रात्र सरता सरता येणारा दीड, हे लक्षातच आले नाही. पहाटे साडेपाचला दूरध्वनी वाजला. विमानतळावर सफाई करणाऱ्या एका बाईंकडून त्यांचा दूरध्वनी मागून घेऊन अक्का बोलत होत्या. त्यांचा स्वतःचा यंत्रसंच मिटलेला, आमचा क्रमांक वहीत आणि वही पेटीच्या तळाशी. ती पेटी तेथेच जमिनीवर उघडून, सगळे कपडे बाहेर काढून त्यांनी वही शोधली होती. इन्सुलिन घेणाऱ्या माणसाला फार वेळ उपाशी राहून चालत नाही. जवळ राजगिऱ्याची एक वडी होती तेवढीच. "अरे, मला वाटलं तुम्ही मला विसरलात," एवढेच त्या म्हणाल्या. त्यानंतर गाडीत सबंध वाटभर कोणीच बोलले नाही.

पुढे या प्रवासाचा हिशेब नीट मांडून पाहावा म्हणून बसलो, तेव्हा ध्यानात आले की आमची चूक केवळ तारखेची नव्हती. अंतर, वेळ आणि घड्याळ ह्या तीन निरनिराळ्या गोष्टी आम्ही एक समजून चाललो होतो.

प्रथम अंतराचे पाहू. दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को ह्या दोन विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे १२,४०० किलोमीटर आहे. भिंतीवरच्या सपाट नकाशात दिल्ली उजवीकडे व सॅन फ्रान्सिस्को डाव्या टोकाला दिसते, आणि दोन्ही ठिकाणे जोडणारी रेघ उत्तर आफ्रिका व अटलांटिक महासागर ओलांडून जाते. पण घरात मुलांचा पृथ्वीगोल असेल तर एक दोरा घ्या; त्याचे एक टोक दिल्लीवर व दुसरे सॅन फ्रान्सिस्कोवर धरून तो ताणा. दोरा ना युरोपकडे जाईल, ना जपानकडे. तो सरळ वर चढेल, हिमालय, तिबेट आणि सैबेरिया ओलांडून उत्तर ध्रुववृत्ताच्या बराच पलीकडे, पंचाहत्तर अंशांपर्यंत पोहोचेल आणि अलास्कावरून खाली उतरेल. गोलावरील दोन बिंदूंमधील सर्वांत जवळची वाट अशीच असते. भूगोलाच्या पुस्तकात तिला बृहत्वृत्त म्हणतात. गेरार्डस मर्केटर याने १५६९ मध्ये सिद्ध केलेल्या पद्धतीचा नकाशा दर्यावर्दी लोकांना दिशा राखण्यासाठी फार उपयोगी ठरला, परंतु अंतराच्या बाबतीत तो ध्रुवांकडील प्रदेश अवाढव्य फुगवून दाखवतो. आपल्या डोळ्यांना त्याचीच सवय झालेली आहे. मुलांना हा दोऱ्याचा प्रयोग अवश्य करून दाखवावा; आमच्या घरी तो झाला तेव्हा धाकट्याने अर्धा तास जगातील सगळी शहरे एकमेकांना बांधून टाकली.

आता १२,४०० ला विमानाच्या वेगाने भागावे. मोठी जेट विमाने स्थिर हवेत ताशी सुमारे ९०० किलोमीटर वेगाने जातात. म्हणजे पावणेचौदा तास. पण ह्या सरळ वाटेने विमान सहसा जातच नाही. तिबेटचे पठार सरासरी साडेचार हजार मीटर उंच आहे. उंचावर असताना विमानाच्या आतील हवेचा दाब एकाएकी गेला, तर वैमानिकाने तातडीने सुमारे तीन हजार मीटरपर्यंत खाली यावयाचे असते, कारण तेथे माणसाला मोकळ्या हवेत श्वास घेता येतो. पठारावर तर तीन हजार मीटरला जमीनच असते! म्हणून तो प्रदेश विमाने शक्यतो टाळतात. ध्रुवाकडील वाटेच्या अडचणी आणखी निराळ्या. जेट विमानांचे सर्वसाधारण वापरातील इंधन उणे ४७ अंश सेल्सिअसला गोठावयास लागते, त्यामुळे अतिथंड हवेत टाक्यांतील तापमानावर सतत लक्ष ठेवावे लागते. दोन इंजिनांच्या विमानाला एक इंजिन बंद पडल्यास दुसऱ्यावर ठराविक वेळात गाठता येईल असा विमानतळ वाटेत नेहमी हाताशी असावा लागतो, आणि ध्रुवाच्या आसपास असे विमानतळ मोजकेच आहेत. तथापि ही वाट अगदीच वर्ज्य नाही. जानेवारी २०२१ मध्ये एअर इंडियाचे विमान कॅप्टन झोया अग्रवाल यांच्या नेतृत्वाखाली, सर्व वैमानिक स्त्रियाच असताना, सॅन फ्रान्सिस्कोहून निघून उत्तर ध्रुवप्रदेशावरून बेंगळूरुला आले. सरळ अंतर सुमारे १४,००० किलोमीटर असताना प्रत्यक्ष वाट सुमारे १६,००० किलोमीटरची झाली व सतरा तासांवर वेळ लागला. ते विमान ९ जानेवारीच्या रात्री निघाले आणि ११ जानेवारीच्या पहाटे उतरले. मधली १० तारीख कोठे गेली, हे पुढे पाहू.

ह्यानंतर येतो वारा, आणि सर्वांत मौजेचा भाग हाच आहे. जमिनीपासून दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे अतिवेगवान हवेचे पट्टे असतात; त्यांना जेट प्रवाह म्हणतात. उष्ण कटिबंधातील गरम हवा व ध्रुवांकडील थंड हवा ह्यांच्या तापमानातील फरकामुळे आणि पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फिरण्यामुळे ते निर्माण होतात. हिवाळ्यात जपानच्या आसपास त्यांचा वेग ताशी ३०० किलोमीटरांच्याही पुढे जातो. ह्या प्रवाहाची पद्धतशीर निरीक्षणे प्रथम जपानमधील वासाबुरो ओइशी या हवामानशास्त्रज्ञाने १९२० नंतरच्या दशकात तातेनो येथील वेधशाळेतून फुगे सोडून केली. आपले संशोधन सर्व जगाला वाचता यावे ह्या सद्‌हेतूने त्याने ते एस्पेरांतो ह्या कृत्रिम विश्वभाषेत १९२६ मध्ये छापले, आणि त्यामुळे ते जवळजवळ कोणीच वाचले नाही! दुसऱ्या महायुद्धात १९४४ साली जपानवर उंचावरून जाणाऱ्या अमेरिकी विमानांना हा वारा प्रत्यक्ष आडवा आला, तेव्हा तो जगाला कळला. पुढे १९५२ मध्ये पॅन अमेरिकन कंपनीच्या विमानाने टोकियोहून होनोलुलूला जाताना मुद्दाम ह्या प्रवाहाचा आश्रय घेतला आणि अठरा तासांचा प्रवास साडेअकरा तासांत केला.

हेच तत्त्व आपल्या दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को मार्गावर ऑक्टोबर २०१६ मध्ये वापरले गेले. त्याआधी एअर इंडियाचे विमान पश्चिमेकडून, युरोप व अटलांटिक ओलांडून जात असे. ती वाट सुमारे १३,९०० किलोमीटरांची. नंतर त्याच कंपनीने विमान पूर्वेकडून, म्हणजे म्यानमार, चीन व जपानवरून पॅसिफिक महासागर ओलांडून नेले. ही वाट सुमारे १५,३०० किलोमीटरांची, म्हणजे जुन्या वाटेपेक्षा १,४०० किलोमीटरांनी अधिक. त्या वेळी ते जगातील सर्वांत लांब पल्ल्याचे विनाथांबा नियमित उड्डाण म्हणून गाजले. आणि वेळ? साडेचौदा तास; जुन्या वाटेपेक्षा जवळजवळ दोन तास कमी! भागाकार करून पाहा : ताशी एक हजार पंचावन्न किलोमीटर. विमानाचे स्वतःचे सामर्थ्य नऊशेचेच, वरचे दीडशे वाऱ्याने फुकट दिलेले. मुंबई ते दिल्ली हे हवाई अंतर सुमारे १,१५० किलोमीटर आहे. त्याहूनही अधिक फेरा पत्करून विमान आधी पोहोचते, ही गोष्ट आम्हांला प्रथम ऐकताना थापच वाटली होती.

येथे एका शंकेचे निरसन केले पाहिजे, कारण ती शहाण्यासुरत्या माणसांच्या तोंडूनही ऐकू येते. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग विमान आकाशात नुसते तरंगत राहिले तरी खालून अमेरिका आपोआप जवळ यावयास नको काय? विषुववृत्तावर पृथ्वीचा पृष्ठभाग ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने फिरतो, हे खरे. पण भोवतालची हवाही त्याच्याबरोबरच फिरत असते, आणि विमान हवेत पोहत असते. धावत्या आगगाडीच्या डब्यात उडणारी माशी मागच्या भिंतीवर आपटत नाही, त्यातलाच हा प्रकार. विमानाच्या वेळेत फरक पडतो तो पृथ्वीच्या फिरण्याने नव्हे, तर जमिनीच्या मानाने हवा किती व कोणीकडे सरकते त्याने.

हा फरक पाहण्यास परदेशीच जावे लागते असे नाही. दिल्ली ते गुवाहाटी हे अंतर साधारण १,४६० किलोमीटर. हिवाळ्यात जेट प्रवाह उत्तर भारतावर उतरलेला असतो, तेव्हा गुवाहाटीस जाताना जो वेळ लागतो त्यापेक्षा परत येताना अधिक लागतो. वाटेची लांबी तीच, विमानही तेच. शिवाय तिकिटावर जो वेळ छापलेला असतो तो केवळ आकाशातला नसतो. एका विमानतळावर चाकांखालचे अडसर काढल्यापासून दुसरीकडे ते पुन्हा लावीपर्यंतचा, धावपट्टीपर्यंतची संथ चाल व रांगेतील खोळंबा धरून, तो सगळा वेळ असतो. जवळच्या प्रवासात हा भाग बराच मोठा भरतो.

वाऱ्याखेरीज आणखी एक गोष्ट वाट लांबवते, आणि तिच्यावर वैमानिकाचा इलाज चालत नाही. आकाशालाही सरहद्दी आहेत. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, ते त्याच वर्षीच्या जुलैत खुले झाले. एप्रिल २०२५ मध्ये भारतीय विमानांना पुन्हा तेथून मज्जाव करण्यात आला, आणि एअर इंडियाच्या उत्तर अमेरिकेकडील काही उड्डाणांना इंधनाकरिता युरोपात उतरावे लागले. २०२२ मध्ये रशियाचे आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झाल्यावर हेलसिंकी ते टोकियो हा सुमारे साडेनऊ तासांचा प्रवास तेरा तासांच्या घरात गेला. दोन्ही शहरे जेथल्या तेथेच होती. म्हणून एखाद्या नातलगाला दोन वर्षांपूर्वी किती तास लागले होते, ह्यावरून आज निघणाऱ्या माणसाची बेगमी करू नये. तिकीट हाती आल्यावर त्यावरील एकूण तास पाहावेत, वाटेत थांबा आहे की नाही हे विचारावे, आणि विमान बदलावयाचे असल्यास मध्ये पुरेसा अवकाश ठेवावा. वृद्ध माणसाला चाकाची खुर्ची मागवलेली असेल तर तो अवकाश आणखी वाढवावा, कारण खुर्ची येईपर्यंत वाट पाहावी लागते.

आता हरवलेल्या तारखेकडे वळू. पृथ्वी चोवीस तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला पंधरा रेखांश. भारताचे घड्याळ सॅन फ्रान्सिस्कोच्या पुढे उन्हाळ्यात साडेबारा व हिवाळ्यात साडेतेरा तास असते. कारण अमेरिकेत मार्चमधील दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात व नोव्हेंबरमधील पहिल्या रविवारी ती पूर्ववत करतात. तिकिटावर निघण्याची वेळ निघण्याच्या गावची आणि पोहोचण्याची वेळ पोहोचण्याच्या गावची असते. समजा, ऑक्टोबरमध्ये दिल्लीहून पहाटे चारला विमान सुटले व साडेचौदा तासांनी पोहोचले. आपल्या घड्याळात संध्याकाळचे साडेसहा वाजले. त्यातून साडेबारा वजा केले की तेथे त्याच दिवसाच्या सकाळचे सहा! वाटेत पॅसिफिकमध्ये आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडताना एक दिवस मागे गेलेला असतो. तिकिटावर पाहणाऱ्याला वाटावे, दोन तासांचा प्रवास आहे. उलट परतताना शुक्रवारी रात्री नऊला सुटलेले विमान सोळा तासांनी उतरते तेव्हा येथे रविवारचा दीड वाजलेला असतो. शनिवार चोरीस गेलेला नसतो. सुटण्याच्या वेळी येथे शनिवारची सकाळच उजाडलेली असते, आणि बाकीचा शनिवार प्रवासी माणूस खुर्चीत बसून काढतो.

अक्कांच्या डॉक्टरांनी नंतर जे सांगितले ते येथे नमूद करणे आवश्यक वाटते. औषध घेणाऱ्या माणसाने प्रवासापूर्वी डॉक्टरांना 'अमुक वाजता निघतो, तमुक वाजता पोहोचतो' असे सांगू नये. घरातून निघाल्यापासून दुसऱ्या घरी पोहोचेपर्यंत प्रत्यक्ष किती तास लोटतील ते सांगावे. शरीराला वार व तारीख कळत नाही. शेवटच्या मात्रेला किती तास झाले एवढेच त्याला कळते. ह्या तासांवरून पुढच्या मात्रांच्या वेळा डॉक्टरच ठरवून देतील. त्या आपल्या मनाने बदलू नयेत. इन्सुलिन हातपिशवीतच ठेवावे, मोठ्या पेटीत देऊ नये, कारण विमानाच्या पोटातील थंडीने ते बिघडू शकते. औषधाची चिठ्ठी व खाण्याचा थोडा जिन्नसही त्याच पिशवीत असावा. दुसरी गोष्ट पायांची. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांपेक्षा अधिक वेळ बसून प्रवास केल्यास पायांच्या शिरांत रक्ताची गुठळी होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो. एरव्ही निरोगी माणसाच्या बाबतीत तरीही तो सहा हजारांत एक इतका थोडाच असतो, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. परंतु पूर्वी असा त्रास झालेल्यांनी अथवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून लांबचा प्रवास करू नये. इतरांनी अधूनमधून उठून चार पावले चालावे, बसल्या बसल्या घोटे फिरवावेत. शेजाऱ्याला उठवावे लागेल ह्या भिडेने आपल्याकडील स्त्रिया सोळा सोळा तास जागच्या हलत नाहीत आणि त्याच कारणाने पाणीही पीत नाहीत. आतल्या रांगेऐवजी वाटेकडेची खुर्ची मागून घेतली तर ही भीड निम्मी कमी होते.

मागील पिढीला हा घोळ पडत नसे, असे कधी कधी वाटते. ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे विमान मुंबईहून लंडनला प्रथम निघाले ते कैरो व जिनीव्हा येथे थांबत १० तारखेस पोहोचले. प्रत्येक थांब्यावर प्रवाशाला दिवस मावळलेला, उजाडलेला दिसत असे. आज खिडक्यांवरचे पडदे ओढलेले असतात, जेवण येते, दिवे मालवतात, आणि माणूस उतरतो तो भलत्याच वारी.

गेल्या वर्षी अक्का पुन्हा कन्येकडे जाऊन आल्या. ह्या खेपेस आम्ही भाचीकडून तीन गोष्टी स्वतंत्र ओळींत मागवून घेतल्या : सुटण्याची वेळ तेथील व येथील अशी दोन्ही घड्याळांची, एकूण तास, आणि उतरण्याचा वार. उतरण्याच्या वाराखाली तिने आपण होऊन 'शनिवार व रविवार यांच्या मधली रात्र' असे लिहून त्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या. आमचा क्रमांक अक्कांनी एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून पदराच्या पिनेशी अडकवला होता. आम्ही शनिवारी रात्री अकरालाच विमानतळावर जाऊन बसलो. अनुकूल वाऱ्यामुळे विमान चाळीस मिनिटे आधी उतरले. अक्का बाहेर आल्या तेव्हा आमच्या हातात चहाचा पेला होता. त्यांनी प्रथम भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले, मग आमच्याकडे, आणि पदराचा तो कागद काढून आमच्या हाती देत म्हणाल्या, "हा जपून ठेव, पुढल्या खेपेला लागेल."